पॅरिसमधला नरसंहार पाहून आलेल्या राजदूताने राणीसाठी हेरांचं जाळं विणलं, तेही पदरमोड करून

२४ ऑगस्ट १५७२. रविवारची पहाट. पॅरिसमध्ये चर्चची घंटा वाजली आणि कत्तल सुरू झाली.

सहाच दिवसांपूर्वी या शहरात राजघराण्यातलं लग्न झालं होतं. त्या लग्नासाठी आलेल्या प्रोटेस्टंट पाहुण्यांना आता अंथरुणातून ओढून मारलं जात होतं. प्रेतं सीन नदीत फेकली जात होती. अशा वेळी शहरातल्या एका घरात माणसं जीव मुठीत धरून येत होती. ते घर होतं इंग्लंडच्या राजदूताचं. घरात त्याची गरोदर बायको होती, चार वर्षांची मुलगी होती आणि आसऱ्याला आलेल्यांची गर्दी होती.

त्या राजदूताचं नाव फ्रान्सिस वॉल्सिंगहॅम.

पुढे इंग्लंडची राणी एलिझाबेथ पहिली हिचा हेरप्रमुख म्हणून हा माणूस जगभर ओळखला गेला. स्कॉटलंडच्या राणीला वधस्तंभापर्यंत नेणारी पत्रं त्याने पकडली. स्पेनचं आरमार निघायच्या कितीतरी आधी त्याच्या तयारीची यादी त्याने मिळवली. पण हे सगळं त्याने का केलं, हे समजून घ्यायचं असेल तर सुरुवात पॅरिसपासूनच करावी लागते.

वकिलाचा मुलगा, परदेशात शिकलेला

वॉल्सिंगहॅमचा जन्म साधारण १५३२ चा. वडील लंडनमधले वकील होते, पण मुलगा लहान असतानाच ते वारले. मुलगा केंब्रिजला शिकला, मग लंडनला कायदा शिकू लागला. एवढ्यात १५५३ मध्ये इंग्लंडच्या गादीवर कट्टर कॅथलिक असलेली मेरी ट्यूडर आली. प्रोटेस्टंटांना जिवंत जाळण्याच्या शिक्षा सुरू झाल्या आणि अनेक प्रोटेस्टंट घराण्यांनी देश सोडला. वॉल्सिंगहॅमही गेला.

तो स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये राहिला, इटलीतल्या पादुआ विद्यापीठात कायदा शिकला. या काळात त्याला दोन गोष्टी मिळाल्या. एक म्हणजे फ्रेंच आणि इटालियन भाषा. दुसरी म्हणजे परदेशात नेमकं कोणाला काय माहीत असतं, याची जाण. व्यापारी, विद्यार्थी, छपाईवाले आणि देश सोडून आलेली माणसं यांच्याकडे राजदरबाराच्या आधी बातमी पोहोचते, हे त्याने जवळून बघितलं.

१५५८ मध्ये मेरी ट्यूडर वारली, तिची सावत्र बहीण एलिझाबेथ राणी झाली आणि वॉल्सिंगहॅम मायदेशी परतला. राणीचा सर्वांत जवळचा मंत्री विल्यम सेसिल याने त्याला हेरलं. लंडनमधल्या परदेशी लोकांवर लक्ष ठेवणं, त्यांची माहिती काढणं अशी कामं त्याच्याकडे येऊ लागली. १५७० च्या शेवटी त्याला फ्रान्समध्ये राजदूत म्हणून पाठवायचं ठरलं आणि १५७१ च्या सुरुवातीला तो पॅरिसला पोहोचला.

दुसऱ्याच्या युद्धात आपला माणूस

तेव्हाचा फ्रान्स म्हणजे पेटलेलं घर होतं. १५६२ पासून तिथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात यादवी सुरू होती. फ्रान्समधल्या प्रोटेस्टंटांना ह्यूगेनॉट म्हणायचे. तीन युद्धं होऊन गेली होती आणि १५७० मध्ये कसाबसा तह झाला होता.

आता या भांडणाशी इंग्लंडचा काय संबंध? संबंध होता, कारण एलिझाबेथ एकटी पडली होती. १५७० मध्येच पोपने तिला धर्मबहिष्कृत केलं होतं आणि तिच्या प्रजेला तिच्या आज्ञा पाळण्याच्या बंधनातून मोकळं केलं होतं. युरोपातली सर्वांत मोठी सत्ता, म्हणजे कॅथलिक स्पेन, तिच्या विरोधात जात होती. समुद्रापलीकडे नेदरलँड्समध्ये स्पेनचं सैन्य प्रोटेस्टंटांचं बंड मोडत होतं. फ्रान्सही स्पेनच्या बाजूला गेला असता तर इंग्लंडची कोंडी झाली असती.

त्यामुळे वॉल्सिंगहॅमकडे दोन कामं होती. उघड काम होतं मैत्रीचं. राणीचं लग्न फ्रेंच राजपुत्राशी जमवण्याची बोलणी चालवायची आणि दोन्ही देशांत करार घडवायचा. लग्न काही जमलं नाही, पण एप्रिल १५७२ मध्ये ब्लुआचा तह झाला. एकावर हल्ला झाला तर दुसऱ्याने मदतीला यायचं, असं ठरलं.

दुसरं काम बातम्या काढण्याचं. फ्रेंच दरबारात कोणाचं वजन वाढतंय, स्पेनचा राजदूत कोणाला भेटतोय, नेदरलँड्सकडे सैन्य चाललंय का, हे सगळं लंडनला कळवायचं. पत्र घोड्यावरून आणि बोटीतून जायचं, त्याला कित्येक दिवस लागायचे. बातमी आणणाऱ्याला पैसे द्यावे लागायचे आणि ते बऱ्याचदा राजदूताच्या खिशातून जायचे. पॅरिसमध्ये राहण्याचा खर्च परवडत नाही, अशी तक्रार तो तेव्हापासूनच करत होता.

ती सहा दिवसांची गोष्ट

१८ ऑगस्ट १५७२ रोजी फ्रान्सच्या कॅथलिक राजाची बहीण मार्गरीत आणि नाव्हारचा प्रोटेस्टंट राजा हेन्री यांचं लग्न झालं. या लग्नाने दोन्ही पंथांत समेट होईल, अशी आशा होती. त्यासाठी ह्यूगेनॉटांचे झाडून सगळे मोठे सरदार पॅरिसला आले होते.

२२ ऑगस्टला ह्यूगेनॉटांचा नेता अ‍ॅडमिरल कोलिन्यी याच्यावर गोळी झाडली गेली. तो जखमी झाला, पण वाचला. आता ह्यूगेनॉट बदला घेणार, या भीतीने राजवाड्यात खलबतं झाली आणि त्यांच्या नेत्यांना संपवायचा निर्णय झाला. २४ तारखेला पहाटे कोलिन्यीला मारलं आणि नंतर गोष्ट सरदारांपुरती राहिलीच नाही. शहरातले लोकच शेजाऱ्यांवर तुटून पडले. एकट्या पॅरिसमध्ये दोन ते तीन हजार माणसं मारली गेली असावीत. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण इतर शहरांत गेलं. देशभरात किमान पाच हजार आणि काही अंदाजांनुसार त्याहून कितीतरी जास्त माणसं मेली. सेंट बार्थोलोम्यू दिनाचं हत्याकांड ते हेच.

वॉल्सिंगहॅमच्या घरी आसरा घेतलेल्यांमध्ये सतरा वर्षांचा एक तरुण होता, फिलिप सिडनी. हा पुढे इंग्लंडचा मोठा कवी झाला आणि वॉल्सिंगहॅमचा जावईसुद्धा. ब्रिकमो नावाचा एक वृद्ध ह्यूगेनॉट सरदारही आला होता. त्याला मात्र राजदूत वाचवू शकला नाही. त्याला पकडून नेलं आणि ऑक्टोबरमध्ये फाशी दिलं. वॉल्सिंगहॅमची बायको उर्सुला मुलीला घेऊन कशीबशी इंग्लंडला पोहोचली.

आणि तो स्वतः? तो तिथेच थांबला, कारण तह मोडायचा नव्हता. ज्या दरबाराने ही कत्तल होऊ दिली, त्याच दरबारात जाऊन त्याला नमस्कार-चमत्कार करत बोलणी चालू ठेवावी लागली. जानेवारी १५७३ मध्ये दुसरी मुलगी झाली, तेव्हाही तो फ्रान्समध्येच होता. एप्रिलमध्ये त्याची सुटका झाली.

या सगळ्यात त्याला सर्वांत जास्त लागलं ते एकच. फ्रेंच राजावर त्याने विश्वास टाकला होता आणि एवढं मोठं संकट येतंय याची खबर त्याला आधी मिळाली नव्हती. पुढची सतरा वर्षं हा माणूस याच धास्तीत जगला. जे पॅरिसमध्ये झालं ते लंडनमध्ये होऊ शकतं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

घरातूनच चालायचं सगळं

डिसेंबर १५७३ मध्ये तो राणीचा सचिव झाला. परदेश व्यवहारापासून बंदरांच्या बंदोबस्तापर्यंत सगळे कागद त्याच्या टेबलावरून जायचे. तो कायम काळ्या कपड्यांत असायचा, बोलायला सडेतोड होता, दुखणीही पाठीला लागलेली. राणीशी त्याचे वारंवार खटके उडायचे. पण तिला त्याची गरज होती आणि ते दोघांनाही माहीत होतं.

त्याचं हेरखातं म्हणजे काही मोठी कचेरी नव्हती. त्याच्या घरातूनच, घरच्या कारकुनांच्या आणि विश्वासू माणसांच्या हातून सगळं चालायचं. फ्रान्स, जर्मनी, इटली, स्पेन, नेदरलँड्स इथल्या शहरांतून त्याला पत्रं यायची. ऑटोमन साम्राज्याची राजधानी इस्तंबूलमधूनही यायची. तिथे नेमलेल्या इंग्लंडच्या राजदूताला त्याने सुलतानाला स्पेनविरुद्ध उठवायचा प्रयत्न करायला सांगितलं होतं. पत्रं लिहिणारे बहुतेक जण पगारी हेर नव्हतेच. कोणी व्यापारी, कोणी विद्यार्थी, कोणी सुटकेच्या बदल्यात बोलायला तयार झालेला कैदी.

त्याच्या हाताखाली थॉमस फेलिप्स नावाचा माणूस होता. तेव्हाची गुप्त पत्रं साधारण अशी असायची: प्रत्येक अक्षरासाठी एक खूण, नेहमी लागणाऱ्या शब्दांसाठी वेगळ्या खुणा आणि गोंधळ उडवायला मध्येच काही निरर्थक खुणा. फेलिप्स कोणती खूण किती वेळा येते ते मोजायचा. भाषेत काही अक्षरं जास्त येतात, काही कमी, त्यावरून तो अर्थ लावायचा. पत्राची लाखेची मोहर काढून पुन्हा जशीच्या तशी बसवणारा आर्थर ग्रेगरी हा आणखी एक माणूस होता. पत्र ज्याला जायचं त्याला ते मिळायचं, फक्त त्याच्या आधी वॉल्सिंगहॅमने वाचलेलं असायचं.

१५८२ मध्ये राणीने या कामासाठी वर्षाला ७५० पौंड मंजूर केले. पुढच्या काही वर्षांत ही रक्कम दोन हजार पौंडांच्या घरात गेली. तरी पुरायची नाही. उरलेलं तो स्वतः घालायचा.

या यंत्रणेची दुसरी बाजूही सांगायला हवी. १५८३ मध्ये लंडनमधल्या फ्रेंच राजदूताच्या घरातूनच पत्रांच्या नकला वॉल्सिंगहॅमला मिळत होत्या. त्यातून फ्रान्सिस थ्रॉकमॉर्टनचा कट कळला. परकीय सैन्य इंग्लंडमध्ये उतरवून मेरी स्टुअर्टला गादीवर बसवायचं, असा तो बेत होता. थ्रॉकमॉर्टनकडून कबुली काढली ती हातपाय ताणणाऱ्या यंत्रावर चढवून. नंतर त्याला मृत्युदंड दिला. कटात सामील असलेला स्पेनचा राजदूत मेंडोझा याला जानेवारी १५८४ मध्ये देशाबाहेर काढलं. १५८५ च्या कायद्याने तर परदेशात दीक्षा घेऊन आलेला कॅथलिक धर्मगुरू इंग्लंडमध्ये सापडणं हाच राजद्रोह ठरला. एलिझाबेथच्या काळात शंभराहून जास्त धर्मगुरू मारले गेले. त्यातल्या अनेकांचा कुठल्याच कटाशी संबंध नव्हता.

या वातावरणाला कंटाळून कितीतरी कॅथलिक तरुण इंग्लंड सोडून गेले. त्यातलं एक नाव मराठी माणसाला चांगलंच माहीत आहे: फादर थॉमस स्टीफन्स. रोमला जाऊन तो जेझुइट झाला आणि १५७९ मध्ये गोव्यात आला. तिथेच राहून त्याने मराठीत ख्रिस्तपुराण लिहिलं. १५८३ मध्ये एलिझाबेथचं अकबरासाठीचं पत्र घेऊन निघालेले इंग्रज व्यापारी गोव्यात पोर्तुगीजांच्या कैदेत पडले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी धावून आला तोही हाच. देश सोडलेला प्रत्येक कॅथलिक इंग्लंडचा शत्रू नव्हता, हे सांगायला एवढं उदाहरण पुरे.

बिअरच्या पिंपातली पत्रं

मेरी स्टुअर्ट म्हणजे स्कॉटलंडची पदच्युत राणी, एलिझाबेथची नातेवाईक आणि कॅथलिकांच्या नजरेत इंग्लंडच्या गादीची खरी वारस. १५६८ पासून ती इंग्लंडमध्ये नजरकैदेत होती. एलिझाबेथला मारून हिला गादीवर बसवायचं, हा दर कटाचा ठरलेला शेवट असायचा. जुलै १५८४ मध्ये नेदरलँड्सच्या बंडाचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज याची त्याच्याच घरात गोळ्या घालून हत्या झाली आणि वॉल्सिंगहॅमची धास्ती आणखी वाढली.

पण एका राणीला दुसऱ्या राणीने मारायचं तर कागदावरचा पुरावा हवा. मेरीचा पत्रव्यवहार तर बंद केलेला. मग पुरावा येणार कुठून?

डिसेंबर १५८५ मध्ये गिल्बर्ट गिफर्ड नावाचा कॅथलिक तरुण फ्रान्समधून इंग्लंडच्या बंदरात उतरताच पकडला गेला. पॅरिसमधल्या मेरीच्या हस्तकाचं शिफारसपत्र त्याच्याकडे होतं. तो वॉल्सिंगहॅमच्या बाजूने काम करायला तयार झाला. मेरीला चार्टली इथल्या वाड्यात ठेवलं होतं आणि तिथे बाहेरून बिअर यायची. पिंपाच्या बुचात बसेल अशा छोट्या डबीत पत्रं घालायची, अशी सोय गिफर्डने करून दिली. मेरीला वाटलं, आपल्याला गुप्त वाट सापडली. प्रत्यक्षात जाणारं-येणारं प्रत्येक पत्र फेलिप्सच्या हातातून जात होतं. बिअरवाला दोन्हीकडून पैसे घेत होता आणि वर त्याने बिअरचा भावही वाढवून मागितला!

जुलै १५८६ मध्ये अँथनी बॅबिंग्टन या चोवीस-पंचवीस वर्षांच्या तरुणाने मेरीला सगळा बेत लिहून कळवला. सहा जण एलिझाबेथला मारतील आणि बाकीचे मेरीला सोडवतील, असा तो बेत. मेरीने उत्तर पाठवलं आणि तिथेच ती सापडली. फेलिप्सने त्या पत्राच्या नकलेवर फाशीच्या खांबाचं चित्र काढलं. एवढ्यावर न थांबता मूळ पत्राला त्याने मेरीच्या नावाने खोटा ताजा कलम जोडला आणि त्या सहा जणांची नावं मागितली.

नावं मिळाली नाहीत, पण माणसं सापडली. सप्टेंबरमध्ये चौदा जणांना मृत्युदंड झाला. ऑक्टोबरमध्ये मेरीवर खटला चालला. आपल्याला अडकवलं गेलंय, असा आरोप तिने भर न्यायालयात वॉल्सिंगहॅमवर केला आणि त्याने तो नाकारला. ८ फेब्रुवारी १५८७ रोजी तिचा शिरच्छेद झाला.

यावर आजही वाद आहे. कट खरा होता, बॅबिंग्टन आणि मेरीने जे लिहिलं ते खरं होतं. पण पत्रांची वाट वॉल्सिंगहॅमने तयार करून दिली होती आणि कट वेळीच थांबवण्याऐवजी पिकू दिला होता. धोका शोधणं आणि धोका वाढू देणं यातली रेघ त्याने ओलांडली का, याचं उत्तर प्रत्येक इतिहासकार आपापल्या परीने देतो.

आरमार निघायच्या आधीच

याच काळात त्याच्या घरावर वेगळं संकट आलं. १५८५ मध्ये इंग्लंडने नेदरलँड्समध्ये उघडपणे सैन्य उतरवलं होतं. तिथे झुटफेनच्या लढाईत जावई फिलिप सिडनी जखमी झाला आणि ऑक्टोबर १५८६ मध्ये गेला. सिडनीच्या डोक्यावर भरपूर कर्ज होतं. ते निस्तरायची जबाबदारी सासऱ्यावर आली.

तिकडे स्पेनचा राजा फिलिप दुसरा इंग्लंडवर स्वारीची तयारी करत होता. वॉल्सिंगहॅमकडे अँथनी स्टँडन नावाचा माणूस होता. स्टँडन इंग्रज कॅथलिक होता आणि इटलीत टोपणनावाने राहत होता. स्पेनमधला टस्कनीचा राजदूत त्याचा मित्र होता. शिवाय त्याने एका फ्लेमिश माणसाला हाताशी धरलं. या माणसाचा भाऊ स्पेनच्या आरमाराचा सेनापती सांता क्रूझ याच्याच पदरी होता. त्यामुळे किती जहाजं लागणार, किती माणसं, किती धान्य, याचा तपशील लंडनला पोहोचला. १५८७ मध्ये फ्रान्सिस ड्रेकने काडिझ बंदरावर छापा टाकून दोन डझनांच्या आसपास जहाजं नष्ट केली. त्यामुळे स्वारी वर्षभर लांबली.

गंमत बघा, याच वेळी पॅरिसमध्ये वॉल्सिंगहॅमच्या जुन्या खुर्चीवर एडवर्ड स्टॅफर्ड नावाचा राजदूत होता. तो स्पेनकडून पैसे घेत होता, असं बहुतेक इतिहासकार मानतात. त्याला पैसे देणारा होता इंग्लंडमधून हाकललेला तोच मेंडोझा. म्हणजे पैसे देऊन माणूस फोडण्याचा खेळ दोन्हीकडून चालू होता.

१५८८ मध्ये सुमारे १३० जहाजांचं आरमार आलं. इंग्रजांनी कॅले बंदरासमोर त्यात पेटती जहाजं सोडली, ग्रेव्हलिनजवळ लढाई झाली, मग वादळांनी उरलंसुरलं मोडलं. हेरांमुळे युद्ध जिंकलं असं म्हणणं चूक ठरेल. जहाजं, तोफा, खलाशी आणि वारा यांचा वाटा मोठा होता. पण इंग्लंड बेसावध सापडला नाही, याचं श्रेय बऱ्याच अंशी वॉल्सिंगहॅमचं.

रात्रीचा दफनविधी

६ एप्रिल १५९० रोजी लंडनमधल्या राहत्या घरी तो वारला. डोक्यावर कर्ज होतं, त्यामुळे थाटामाटाने अंत्यविधी करू नये असं त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. दुसऱ्या रात्री सेंट पॉल चर्चमध्ये जावई सिडनीच्या शेजारी त्याचं गुपचूप दफन झालं.

सगळं जाळं त्याच्या घरातून आणि त्याच्या नावावर चालत होतं, त्यामुळे तो गेल्यावर ते सांभाळणारं कोणी उरलं नाही. त्याच्या मृत्यूनंतर घरातले बरेचसे कागद गायब झाले. काही हेरांनी नवे धनी शोधले. त्याचा साडू आणि पॅरिसपासूनचा सहकारी रॉबर्ट बील याने दोन वर्षांनी सचिवपदाच्या कामाबद्दल एक टिपण लिहिलं. सरकारी कागद आणि खाजगी कागद वेगळे ठेवायला हवेत, हा धडा त्यात होता. वॉल्सिंगहॅमला हे कधी जमलं नव्हतं. त्याच्या बाबतीत राज्याचं गुपित आणि घरचं कर्ज एकाच कपाटात होतं.